वादविवाद करून प्रचारकाचं आयुष्य उभं राहतं का? बेंजामिन कीचचं उदाहरण

प्रश्न थोडक्यात असा आहे की, तुम्ही बायबल कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहात, तुम्हाला वादविवाद चांगला जमतो, मित्र म्हणतात तू डिबेटर हो, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की सुरुवातीच्या बॅप्टिस्ट लोकांमध्ये जे असे नावाजलेले वाद घालणारे प्रचारक होते त्यांचं करिअर प्रत्यक्षात कसं चालायचं, पोट कशावर भरायचं, आणि त्या वादांचा काही उपयोग झाला का. मी गेली २७ वर्षं मंडळीचा इतिहास शिकवतोय, त्यातली बरीच वर्षं रविवारी उपदेशही करतोय, आणि तरुणपणी मी स्वतः असे वाद घातलेत, त्यामुळे जरा लांब उत्तर देतो. दहा जणांची नावं सांगण्यापेक्षा एकाच माणसाचं आयुष्य नीट सांगतो, बेंजामिन कीचचं.

आधी काळ लक्षात घ्या. सतराव्या शतकातलं इंग्लंड. तिथे मूल जन्मलं की पॅरिशच्या, म्हणजे त्या भागाच्या, राज्याने चालवलेल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आणि तिथल्या रजिस्टरमध्ये नाव चढायचं, म्हणजे बाप्तिस्मा हा नुसता धर्माचा विषय नव्हता, तुम्ही त्या समाजाचे की नाही ते त्यावरून ठरायचं. बॅप्टिस्ट म्हणायचे की तान्ह्या बाळाला विश्वास कुठून असणार, ज्याला कळतं आणि जो विश्वास ठेवतो त्यालाच बाप्तिस्मा द्यायचा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. आज आपल्याला ही दोन मंडळ्यांमधली साधी मतभिन्नता वाटते, तेव्हा मात्र हे राज्याविरुद्ध बोलणं होतं. म्हणून वाद. १६४२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळच्या सदर्कमध्ये डॅनियल फीटली नावाचे मोठे विद्वान धर्मगुरू चार बॅप्टिस्टांशी जाहीर वादाला बसले, त्यात विल्यम किफिन होता, आणि पुढे फीटलींनी बॅप्टिस्टांची खिल्ली उडवणारं जाडजूड पुस्तक काढलं ते खूप खपलं. रिचर्ड बॅक्स्टर या धर्मगुरूसारखा खरोखर भला माणूससुद्धा तेव्हा लिहून गेला की इंग्लंडच्या थंडीत माणसाला पाण्यात बुडवणं म्हणजे ‘खून करू नको’ ही आज्ञा मोडणं. वातावरण हे असं होतं.

कीचचा जन्म १६४० चा, बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक हॅमंड गावचा. घरची गरिबी, युनिव्हर्सिटीचं तोंड बघितलं नाही, शिंप्याचं काम शिकला. पंधराव्या वर्षी स्वतः शास्त्र वाचून त्याला वाटलं की आपला बाळपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, आणि त्याने १६५५ मध्ये पुन्हा बाप्तिस्मा घेतला. अठराव्या वर्षी उपदेश करायला लागला. म्हणजे तुमच्या वयाचा किंवा तुमच्याहून लहान. तेव्हा राजाला हटवून आलेलं क्रॉमवेलचं राज्य होतं, त्यामुळे फारसं कुणी अडवत नव्हतं, पण १६६० मध्ये राजा परत आला आणि दोन-चार वर्षांत एकामागून एक कायदे आले, १६६२ चा एकरूपतेचा कायदा, म्हणजे सगळीकडे राज्याच्या चर्चचीच छापील उपासना, मग १६६४ चा सभाबंदीचा, ज्यात घरच्या माणसांखेरीज पाच जण उपासनेला जमले तरी गुन्हा. शेजारच्या बेडफर्डमध्ये जॉन बनियन आधीच तुरुंगात होता. कीचला एका सभेत घोडेस्वार शिपायांनी धरलं, चौघांनी त्याला बांधून जमिनीवर पाडलं आणि त्याच्या अंगावरून घोडे घालणार तेवढ्यात त्यांचा अधिकारी आला म्हणून वाचला. ही त्याच्या करिअरची सुरुवात.

आता मुख्य प्रसंग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला वर्गात शिकवताना दरवर्षी हा प्रसंग नव्याने लागतो.

१६६४ साली, वय २४, कीचने मुलांसाठी एक छोटी अंकलिपी लिहिली. अक्षरओळख, आणि बरोबर प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण. त्यात त्याने सरळ लिहिलं की बाप्तिस्मा बाळांचा नाही विश्वासणाऱ्यांचा, की युनिव्हर्सिटीत न शिकलेला पण देवाने दान दिलेला साधा माणूसही उपदेश करू शकतो, आणि की ख्रिस्त परत येऊन हजार वर्षं राज्य करणार. लंडनच्या एका मित्राने ती छापली. आता ती पकडली कशी गेली ते बघा. कीचचा भाऊ हेन्री पिठाची गिरणी चालवायचा, त्याच्याकडे ही पुस्तकं विकायला होती. जवळच्या एका धर्मगुरूचा नोकर गिरणीवर गेला, पाच पेन्सला एक प्रत विकत घेतली, आणि हेन्रीने साध्या मनाने सांगून टाकलं की हे माझ्या भावाने लिहिलंय आणि याच्या दीड हजार प्रती छापल्यात. त्या धर्मगुरूने लगेच दुसऱ्या धर्मगुरूला पत्र लिहिलं, आणि तेच पत्र पुढे कामाला आलं. मॅजिस्ट्रेट आणि कॉन्स्टेबल घरी आले, प्रती जप्त, कीचला अटक.

ऑक्टोबरमध्ये एल्सबरीच्या कोर्टात केस उभी राहिली, समोर सर रॉबर्ट हाइड, म्हणजे साधासुधा मॅजिस्ट्रेट नव्हे, देशाचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी विचारलं पुस्तक तू लिहिलंस का. कीच म्हणाला बरंचसं मीच लिहिलं. त्यावर न्यायाधीश जे म्हणाले ते मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावतो, की दुसऱ्यांचा धंदा त्यांच्या हातातून काढून घेण्याचा तुला काय अधिकार, तू जसा पुस्तकं लिहितोस तसा उपदेशही करत असशील. ‘धंदा’ हाच शब्द. म्हणजे शिंप्याने शिवावं, शास्त्र सांगणं हा दुसऱ्यांचा धंदा आहे. मग म्हणाले की आजवर मी तीन मतांगीकार (चर्चने ठरवलेली विश्वासाची सूत्रं) बघितले, चौथा तू बनवलास. कीच म्हणाला मी मतांगीकार बनवला नाही, माझ्या विश्वासाची कबुली लिहिली. न्यायाधीश म्हणाले मग मतांगीकार म्हणजे दुसरं काय असतं. त्यावर कीचचं उत्तर असं की तुम्ही फक्त तीनच बघितलेत म्हणता, पण हजारो ख्रिस्ती लोकांनी आपापल्या विश्वासाची कबुली दिलेली आहे. आता विचार करा, गावातला चोवीस वर्षांचा शिंपी, वकील नाही, समोर मुख्य न्यायाधीश, आरोपपत्राची प्रत मागितली तर आधी गुन्हा कबूल की नाकबूल ते सांग मग प्रत देतो म्हणाले, आणि हा माणूस ‘मतांगीकार’ आणि ‘कबुली’ यातला फरक धरून बसलाय. हा फरक त्याच्यासाठी शब्दांचा खेळ नव्हता, कारण मतांगीकार चर्च ठरवतं आणि वरून खाली येतो, कबुली साधा विश्वासणारा स्वतःच्या तोंडाने देतो, आणि त्याचा सगळा धर्मच यावर उभा होता.

ज्यूरी आत गेली आणि तासन्‌तास बाहेर येईना. शेवटी कळलं अडचण काय आहे ते. आरोपपत्रात लिहिलं होतं की हजार वर्षं संपल्यावर बाकीचे सगळे सैतान उठवले जातील असं कीचने छापलंय, आणि पुस्तकात होतं बाकीचे सगळे मेलेले उठवले जातील. इंग्रजीत ‘डेड’ आणि ‘डेव्हिल्स’, सुरुवातीची अक्षरं तीच, लिहिणाऱ्या कारकुनाने घोटाळा केला. मी फळ्यावर हे दोन शब्द एकाखाली एक लिहितो आणि गप्प उभा राहतो. ज्यूरीतल्या लोकांच्या मनाला लागलं की जे लिहिलंच नाही त्यासाठी दोषी कसं ठरवायचं. न्यायाधीश म्हणाले तेवढा शब्द सोडून बाकीच्याबद्दल दोषी ठरवा. आणि त्यांनी ठरवलं.

शिक्षा अशी: दोन आठवडे तुरुंग, २० पौंड दंड, शनिवारी एल्सबरीच्या बाजारात ११ ते १ खोड्यात उभं राहायचं, पुढच्या गुरुवारी विन्स्लोच्या बाजारात तेवढाच वेळ, आणि तिथे पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर जल्लादाच्या हातून जाळायचं. खोडा म्हणजे उंच ओट्यावर लाकडी फळी, तिला तीन भोकं, मधल्यात मान आणि बाजूच्या दोनात मनगटं, त्यामुळे खाली वाकता येत नाही, तोंड झाकता येत नाही. डोक्यावर कागद लावला की हा माणूस फूट पाडणारं पुस्तक लिहून छापल्याबद्दल इथे उभा आहे.

आणि तिथे त्याने उपदेश सुरू केला. लोकांना म्हणाला की हा कागद डोक्यावर घेऊन उभं राहायची मला लाज वाटत नाही, माझ्या प्रभूला माझ्यासाठी क्रुसावर जायची लाज वाटली नाही, मी कुठल्या वाईट कामासाठी इथे नाही, शास्त्रात जे आहे ते लिहिल्याबद्दल आहे. गर्दीतून एक धर्मगुरू ओरडला की नाही, चुकीची शिकवण लिहिल्याबद्दल आहेस आणि बघ त्या चुकांनी तुला कुठे आणून उभं केलं. कीचने उत्तर द्यायच्या आधीच गर्दी त्या धर्मगुरूकडे वळली, कुणीतरी म्हणालं तुला दारूच्या नशेत गटारातून ओढून काढलं होतं ते आठवतंय का, आणि आणखी एका धर्मगुरूला गवताच्या गंजीखाली पिऊन पडलेला बघितल्याची आठवण निघाली, सगळे हसायला लागले आणि ते महाशय निघून गेले. शेरीफने कीचला दटावलं की बोलू नको, तो थोडा वेळ गप्प राहायचा आणि पुन्हा सुरू. मध्येच हात सोडवून खिशातून बायबल बाहेर काढलं, ते हिसकावून घेतलं. त्याची बायको जेन खाली खोड्याशेजारी पूर्ण वेळ उभी होती, आणि लोकांशी बोलत होती, नवऱ्याने जे लिहिलं ते बरोबर आहे म्हणून सांगत होती. जेनबद्दल इतिहासात फार कमी लिहिलंय, १६७० मध्ये ती तिशीतच गेली. पण मला विचाराल तर त्या दिवशी त्या बाजारात दोन उपदेशक होते.

पुस्तक जळालं. पण पुढे त्याने मुलांसाठी पुन्हा पुस्तक लिहिलं आणि त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, तो मेल्यानंतरही कित्येक वर्षं मुलं त्यावर शिकली.

आता पोटाचं. १६६८ मध्ये बकिंगहॅमशायरमध्ये राहणं अशक्य झालं, घरातलं होतं नव्हतं ते विकून बायको-पोरांसह घोडागाडीने लंडनला निघाला, वाटेत दरोडेखोरांनी सगळं लुटलं. बरोबरच्या प्रवाशांनी मिळून काउंटीवर दावा लावला आणि पैसे परत मिळवले, तेव्हाच्या कायद्यात तशी सोय होती. लंडनमध्ये सदर्कच्या टूली स्ट्रीट भागात एक छोटी मंडळी घराघरात लपूनछपून भरायची, तिने त्याला पाळक नेमलं, वय २८. १६७२ मध्ये राजाने थोडी ढील दिली तेव्हा त्यांनी हॉर्सलीडाउनला सभागृह बांधलं, आणि ते वाढत वाढत हजारेक माणसांचं झालं. म्हणजे उत्पन्न येत होतं ते मंडळीतून आणि थोडं पुस्तकांतून. वाद घालून कुणी पैसे देत नव्हतं. उलट त्या काळच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये पाळकाला पगार द्यायचीच पद्धत नीट नव्हती, राज्याच्या चर्चचे धर्मगुरू सक्तीचा दशांश घ्यायचे त्याचा यांना इतका तिटकारा की पगार म्हटलं तरी त्यांना तोच वास यायचा. म्हणून बहुतेक पाळक आठवडाभर कुठलातरी धंदा करायचे. कीचने १६८९ मध्ये यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं की मंडळीने पाळकाला पोसणं हे तिचं कर्तव्य आहे. तुम्ही करिअर हा शब्द वापरलात म्हणून हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्याकडे आजही ग्रामीण मंडळ्यांत पाळकसाहेबांनी उपाशी राहून सेवा करावी असं मानणारे लोक आहेत आणि त्यांना ते आध्यात्मिक वाटतं. कीचला ते तसं वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

वादांचं म्हणाल तर त्याने जवळजवळ सगळ्यांशी वाद घातला. लंडनला आला तेव्हा तो जनरल बॅप्टिस्ट होता, म्हणजे ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला असं मानणारा, आणि काही वर्षांत हॅन्सर्ड नॉलिस, किफिन या पाळकांच्या संगतीत पर्टिक्युलर बॅप्टिस्ट झाला, म्हणजे देवाने निवडलेल्यांसाठी मेला असं मानणारा. मोठा बदल होता हा. वाद घालणाऱ्या माणसाने स्वतःचं मत बदलणं किती कठीण असतं ते तुम्हाला अजून कळायचंय. बॅक्स्टरविरुद्ध त्याने १६७४ मध्ये एक मस्त युक्ती केली, बॅक्स्टरच्याच पुस्तकांतली वाक्यं गोळा करून दाखवलं की तुमचेच मुद्दे शेवटपर्यंत नेले तर विश्वासणाऱ्यांचाच बाप्तिस्मा सिद्ध होतो. समोरच्याचं लिखाण त्याच्याइतकं, किंबहुना त्याच्याहून जास्त बारकाईने वाचल्याशिवाय हे जमत नाही. क्वेकर लोकांविरुद्ध, म्हणजे पाण्याचा बाप्तिस्माच न मानणाऱ्या पंथाविरुद्ध, १६७५ मध्ये कडक पुस्तक लिहिलं, आणि त्याचीच एक मुलगी क्वेकर झाली. १६९२ मध्ये सफकचे एक रेक्टर, म्हणजे राज्याच्या चर्चचे धर्मगुरू, विल्यम बर्किट, यांनी तिथल्या बॅप्टिस्ट पाळकाशी वाद घालून बाल-बाप्तिस्म्याच्या बाजूने पुस्तक काढलं, त्या पाळकाने कीचला विनंती केली आणि कीचने उत्तरादाखल पुस्तक लिहिलं. नंतर शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळणाऱ्या बॅप्टिस्टांविरुद्ध १७०० मध्ये आणखी एक. यातल्या बऱ्याच पुस्तकांवर मी फार वेळ घालवणार नाही, खरं सांगायचं तर ती आज वाचवत नाहीत, एकेक मुद्दा सतरा पोटमुद्द्यांत आणि प्रत्येकाला शास्त्राची पाच वचनं.

पण एक वाद असा आहे की तो तुम्ही नीट बघाच, कारण तो बाहेरच्यांशी नव्हता, स्वतःच्या मंडळीतला होता. गाण्याचा वाद.

तुम्हाला विश्वास बसणार नाही पण तेव्हाच्या बहुतेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत रविवारी गायचेच नाहीत. आपल्याकडे उपासना म्हटलं की गीतपुस्तक, पेटी, तबला, डफली, गाण्याशिवाय उपासना आपण कल्पूच शकत नाही. त्यांचं म्हणणं असं की उपासना आत्म्याने व्हायला पाहिजे, कुणीतरी आधी लिहून ठेवलेले शब्द सगळ्यांनी मिळून म्हणणं म्हणजे छापील प्रार्थनेसारखंच, आणि मग आपण राज्याच्या चर्चपेक्षा वेगळे कुठे राहिलो. शिवाय सभेत विश्वासणारे आणि नुसते बघायला आलेले एकत्र बसतात, त्यांनी एकत्र स्तुती कशी गायची. शिवाय स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं पौल म्हणतो, मग त्या गातील कशा. आणि वर्षानुवर्षं पोलिसांपासून लपून सभा भरवलेल्या माणसांना मोठ्याने आवाज काढायची भीती अंगात मुरलेली असणार, हे माझं मत. यातला एकही मुद्दा मूर्खपणाचा नाही हे लक्षात घ्या.

कीचने काय केलं? १६७३ च्या सुमाराला त्याने प्रभुभोजनानंतर एक गीत गायला सुरुवात केली, कारण शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य गीत गाऊन बाहेर निघाले असं मत्तयात आहे, हे कुणाला नाकारता येत नाही. एवढंच. पुढची सहा वर्षं एवढंच. मग उपकारस्तुतीच्या दिवशीही गायला लागले. त्यानंतर आणखी बरीच वर्षं थांबला. म्हणजे न्यायाधीशासमोर एका शब्दासाठी अडून बसलेला, खोड्यात तोंड बंद न ठेवणारा हाच माणूस, स्वतःच्या मंडळीत एका गीतासाठी जवळजवळ वीस वर्षं थांबला. शेवटी १६९० च्या आसपास दर रविवारी गायचं ठरलं, तेव्हासुद्धा गीत ठेवलं अगदी शेवटी, उपदेश आणि प्रार्थना झाल्यावर, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला उठून बाहेर जाता यावं, आणि गेला तर त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत.

तरी फूट पडलीच. आयझॅक मार्लो नावाचा एक बॅप्टिस्ट, व्यापारी माणूस, त्याने १६९० मध्ये गाण्याविरुद्ध पुस्तिका काढली. कीचने १६९१ मध्ये मोठं उत्तर छापलं आणि त्याच वर्षी आपली जवळजवळ ३०० गीतं असलेलं पुस्तकही काढलं. मग दोन्हीकडून पुस्तिका, प्रत्युत्तरं, त्याला प्रत्युत्तरं, आणि भाषा इतकी घसरली की १६९२ मध्ये बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या सर्वसाधारण सभेने काही लोकांची समिती नेमली, आणि समितीने गाणं बरोबर की चूक हे ठरवलंच नाही, दोन्ही बाजूंना सांगितलं की तुम्ही एकमेकांबद्दल जे लिहिलंत ते ख्रिस्ती माणसाला शोभणारं नाही, आता बंद करा. तीन वर्षांपूर्वी, १६८९ मध्ये, शंभराहून जास्त मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये एकत्र येऊन विश्वासाचा जाहीरनामा मान्य केला होता, त्यावर सही करणाऱ्यांत कीच होता, आणि आता त्याच लोकांसमोर त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. वीसेक माणसं त्याची मंडळी सोडून गेली, आणि १६९३ मध्ये मेझ पाँडला गाण्याविना चालणारी मंडळी उभी राहिली. काही दशकांनी त्या मंडळीतही गायला लागले, पण ते बघायला तेव्हा भांडलेले लोक नव्हते.

कीचची गीतं काव्य म्हणून साधारणच आहेत, यमक जुळवायला ओढाताण केलेली. पण इंग्लंडमधल्या मंडळ्यांमध्ये बायबलमधल्या स्तोत्रांखेरीजची गीतं नियमित गायची सवय लावणाऱ्या पहिल्या माणसांत तो आहे, आणि आयझॅक वॉट्ससारखा खरा कवी पुढे १७०७ मध्ये आपलं गीतपुस्तक काढतो तेव्हा लोकांचे कान थोडेतरी तयार झालेले असतात.

इथे माझं एक सांगतो. मी तिशीत असताना एका तालुक्याच्या गावी दोन मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्यावर जाहीर चर्चा ठेवली होती, आमच्या बाजूने मी. दोन तास चालली. मी तयारी जबरदस्त केली होती, ग्रीक शब्द, इतिहास, सगळं. समोर एक वयस्कर पाळक होते, त्यांना उत्तरं सुचेनात, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी आणखी जोरात बोललो. कार्यक्रमानंतर ते माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाळा, छान बोललास.” आणि पायी निघून गेले. आमच्याच मंडळीतलं एक कुटुंब, ज्यांची मुलगी त्या दुसऱ्या मंडळीत दिली होती, पुढच्या रविवारपासून आलं नाही. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, चहा दिला, बोलले, पण आले नाहीत. त्या दिवशीचे माझे मुद्दे आजही मला बरोबर वाटतात. पण त्या बाईंचा चेहरा चहा देतानाचा मला अजून दिसतो. तेव्हापासून मी कीचची ती वीस वर्षं जास्त वाचतो आणि बॅक्स्टरवरची पुस्तिका कमी.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे की कीचच्या करिअरमध्ये वाद होते पण करिअर वादांचं नव्हतं. तो ३६ वर्षं एका मंडळीचा पाळक होता. शास्त्रातल्या रूपकांवर त्याने १६८१ मध्ये जो प्रचंड ग्रंथ काढला तो उपदेशकांनी पुढची दोनशे वर्षं वापरला, त्याची रूपककथेची पुस्तकं सामान्य माणसांनी वाचली, १६९७ मध्ये मंडळीची शिस्त कशी असावी यावर छोटं पुस्तक लिहिलं ते आजही बॅप्टिस्ट कॉलेजांत वाचतात. मुलगा एलियास मात्र वेगळ्याच वाटेने गेला, १६८६ च्या सुमाराला विशीच्या आसपासचा असताना अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला पोचला, अंगात काळा कोट, गळ्याला धर्मगुरूची पांढरी पट्टी, बापाचं नाव मोठं, लोकांना वाटलं लंडनचा पाळक आला, उपदेशाला उभा केला. आणि उपदेशाच्या मध्येच तो थांबला, अंग थरथरायला लागलं, लोकांना वाटलं आजारी पडला, तर रडत कबूल केलं की मी पाळक नाही, मी तर विश्वासणाराही नाही. नंतर त्याचा खरा बाप्तिस्मा झाला, आणि १६८८ मध्ये पेनेपेकला बारा जणांची मंडळी उभी करून तिचा पहिला पाळक तोच झाला.

आणि लंडनची ती हॉर्सलीडाउनची मंडळी, कीचनंतर त्याचा जावई बेंजामिन स्टिंटन, मग जॉन गिल पन्नासेक वर्षं, मग जॉन रिपन साठाहून जास्त वर्षं, आणि पुढे तीच मंडळी एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला उपदेशक चार्ल्स स्पर्जन याच्याकडे आली. दुसरा जावई थॉमस क्रॉस्बी याने १७३८ ते १७४० मध्ये इंग्लिश बॅप्टिस्टांचा पहिला मोठा इतिहास चार खंडांत लिहिला, खोड्याची आणि खटल्याची एवढी बारीक हकीकत आपल्याला मिळते ती त्याच्यामुळे. आपल्याशी धागा असा की याच पर्टिक्युलर बॅप्टिस्टांनी १७९२ मध्ये मिशन सोसायटी काढली आणि त्यातून विल्यम केरी बंगालला आला, जोडे शिवणारा माणूस, तोही युनिव्हर्सिटीत न गेलेला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा, १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण आलं, १८१० मध्ये कोश, पंडित वैजनाथ यांच्या मदतीने. दुसऱ्यांचा धंदा हातातून काढून घेणारी माणसं त्या परंपरेत कमी नव्हती.

विन्स्लोला कधी गेलात तर १६९५ चं छोटं विटांचं सभागृह अजून उभं आहे, कीचच्या नावाने ओळखतात. ज्या गावच्या बाजारात त्याचं पुस्तक जाळलं तेच गाव.

तुम्हाला प्रॅक्टिकल सल्ला हवा असेल तर तो असा की वादविवाद शिका, नक्की शिका, समोरच्याचं पुस्तक स्वतःच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा वाचा, पण आधी एखाद्या मंडळीत रविवारच्या शाळेतल्या मुलांना चार-पाच वर्षं शिकवा. अंकलिपीत न मावणारा मुद्दा कोर्टातही टिकत नाही.

आणि कीचच्या शेवटचं सांगायचं राहिलं. १७०४ च्या जुलैमध्ये तो गेला, वय ६४. आजारपणात त्याने सांगून ठेवलं की माझा अंत्यविधीचा उपदेश जोसेफ स्टेनेट यांनी करावा. हे स्टेनेट शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक, म्हणजे ज्यांच्या मताविरुद्ध कीचने चारच वर्षांपूर्वी अख्खं पुस्तक लिहिलं होतं त्यांच्यातले. वचनही त्यानेच निवडून दिलं होतं, दुसरं तीमथ्य, पहिला अध्याय, बारावं वचन, मी ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला मी ओळखतो.